कासियानोच्या स्लॅबवरच्या सळया

माझा जावई एरिबेर्तो याच्याकडे ड्रोन उडवण्याचा सरकारी परवाना आहे, आणि तो त्याने माझ्या मुलीपेक्षा जास्त सांभाळून ठेवला आहे. लग्नाचा फोटो भिंतीवर तिरका लटकतोय. परवाना मात्र प्लास्टिकच्या पाकिटात, मऊ फडक्याने पुसलेला. परीक्षेसाठी तो वारे, ढग, विमानतळांच्या हद्दी असलं काय काय शिकला. तेव्हापासून घरात कुणी पंखा लावला तरी वारा कुठल्या दिशेचा आहे ते आम्हाला ऐकून घ्यावं लागतं.

मी त्याची निरीक्षक. तो पडद्याकडे बघत ड्रोन चालवतो तेव्हा कुणीतरी खऱ्या आकाशातल्या खऱ्या ड्रोनवर नजर ठेवायला हवी. पक्षी आला, हेलिकॉप्टर आलं, कुणाचा पतंग आला, की ओरडायचं. मी जन्मभर वस्तीत किराणा दुकान चालवलं. गल्ल्यामागे बसून कोण काय घेतं, कोण काय उधार ठेवतं आणि कोण काय खिशात घालतं हे एकाच वेळी बघण्याची सवय. आता नजर आकाशात असते, पण डोळ्यांच्या कडांनी माणसं दिसतातच. त्याला मी काय करू?

आम्हाला काम देते इवेलीस. आमच्या बेटावर इसाबेलापासून अग्वादियापर्यंत समुद्राकाठची घरं विकणारी बाई. आधी ती बेकरीवाल्याच्या मुलाकडून वरून फोटो काढून घ्यायची. त्याच्याकडे ना परवाना, ना विमा, फक्त आत्मविश्वास. संताच्या उत्सवात त्याचा ड्रोन भाजायला टांगलेल्या डुकराच्या पाठीवर येऊन बसला. डुक्कर आधीच मेलेलं होतं म्हणून प्राणहानी झाली नाही, पण वितळलेल्या प्लास्टिकच्या वासाचं मांस गावाने इवेलीसच्या खात्यावर मांडलं. तिच्या कंपनीने बजावलं, यापुढे परवानेवाला माणूस असेल तरच फोटो.

म्हणून ती आमच्या दारात आली. उंच टाचांचे बूट, हातात फाइल.

"लायसन्स?"

एरिबेर्तोने पाकीट काढलं.

"विमा? आणि विमानतळ जवळ आहे, त्यांची परवानगी कोण काढणार?"

"मीच. प्रत्येक वेळी, उडवायच्या आधी."

"आणि या बाई?"

"माझ्या सासूबाई. निरीक्षक."

इवेलीसने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बायकोच्या आईच्या नजरेखाली काम करणार? मग काय, चूक करायची टापच नाही तुझी!"

मला ती लगेच आवडली. आणि आवडणाऱ्या गिऱ्हाइकावर मी जरा जास्तच लक्ष ठेवत असते.

पहिले काही महिने बरे गेले. टेकडीवरचे बंगले, पोहण्याचे तलाव, नारळांच्या रांगा. एरिबेर्तो फोटोत क्षितिज सरळ करायचा, उजेड थोडा वाढवायचा. बाकी जसं आहे तसं. मग इवेलीसने पुढचा पत्ता पाठवला आणि मी तो दोनदा वाचला. आमच्याच गल्लीतलं, तिसरं घर. कासियानोचं.

आमच्याकडे घर एका पिढीत पुरं होत नाही. बाप खालचा मजला बांधतो, वर सपाट स्लॅब टाकतो आणि खांबांच्या सळया स्लॅबच्या वर हातभर तशाच उभ्या सोडतो. पुढे लेकराने त्यांना सळया जोडून आपला मजला चढवायचा. खाली म्हातारी, वर तरणी, मधे जिना आणि दोन्हीकडून आरडाओरडा. ज्याच्या स्लॅबवर सळया नाहीत त्याला एक तर मूल नाही, नाहीतर मुलाशी बोलणं नाही, असं आम्ही धरून चालतो.

कासियानोच्या सळया मिग्दालियासाठी होत्या. एकुलती एक लेक. तिच्यासाठी त्याने बाहेरून जिनासुद्धा बांधून ठेवला होता. तो वर जायचा आणि उघड्या आभाळात संपायचा. सळयांनी कुणाचा डोळा फुटू नये म्हणून प्रत्येक झुपक्यावर एकेक रिकामा डबा पालथा. डबे माझ्याच दुकानातल्या तुरीच्या दाण्यांचे. दरवर्षी नाताळानंतर येणाऱ्या तीन राजांच्या सणाला, पोरं राजांच्या उंटांसाठी गवत गोळा करत असताना, कासियानो वर चढून सळयांचा गंज खरवडायचा आणि त्यांना तांबडा रंग फासायचा. लोक सणाला घर रंगवतात. हा न बांधलेलं घर रंगवायचा.

मिग्दालिया इथे शाळेत शिकवायची. मोठ्या वादळानंतर शाळा बंद पडली आणि ती नवरा-पोरांसकट फ्लोरिडात, किसिमीला गेली. तिथून दर नाताळात तिचा फोन. कासियानो विचारायचा, "मग, कधी चढवायचा मजला?" ती म्हणायची, "या वर्षी बघू, बाबा."

'बघू' हे येणं कुठल्या रकान्यात मांडायचं हे दुकानदाराला नीट कळतं: कुठल्याच नाही. ते तसंच लोंबतं ठेवायचं. कासियानो सुतारकाम करणारा माणूस, त्याला लोंबतं काही सहन होत नाही. एवढ्या वर्षांच्या 'बघू'ची त्याने बेरीज केली आणि उत्तर काढलं, 'नाही'.

पत्ता वाचून मी तडक त्याच्याकडे गेले. तो गाडी लावायच्या छपराखाली एकटाच डॉमिनोच्या सोंगट्या मांडून बसला होता. एकटा खेळला की हरत नाही म्हणतो.

"घर विकतोयस?"

"तुला कळलं?"

"फोटो माझाच जावई काढणार आहे. मिग्दालियाला सांगितलंस?"

"सांगेन. विसार हातात पडला की."

"म्हणजे पोर जन्मल्यावर बायकोला सांगायचं, तुला दिवस गेलेत म्हणून."

तो हसला नाही. गुडघा दाबत म्हणाला, "आधी सांगितलं तर ती म्हणेल, विकू नका. माझ्या जिवासाठी म्हणेल. मग मी इथे, ती तिथे, आणि मधे हा गुडघा. वीज गेली की पाणी नाही, पाणी आलं की वीज नाही. ती तर कधीची म्हणतेय, या इकडे. मग जावयाच्या दारात हात हलवत जाऊ?"

"तिला एकदा सरळ विचार ना. येणार आहेस की नाही, एवढंच."

"आणि ती 'नाही' म्हणाली तर?"

'नाही' ऐकायचं नाही म्हणून घर विकायला काढणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता. पण एवढं मात्र खरं, की असा माणूस आमच्याच गल्लीत निघायचा.

फोटोच्या दिवशी आभाळ स्वच्छ. इवेलीस पांढरी पँट घालून आली होती, म्हणजे ती कशालाही हात लावणार नव्हती. कासियानोने अंगण झाडून, कोंबड्या शेजारी पाठवून, दाढी करून ठेवली होती. जणू फोटो त्याचाच निघणार होता. एरिबेर्तोने ड्रोन ठेवायची नारिंगी चटई अंथरली, परवानगी आल्याचं फोनवर पाहिलं, वारा पाहिला.

"सासूबाई, आकाश?"

"मोकळं. एक पेलिकन आहे, पण तो मासे बघतोय, तुला नाही."

ड्रोन वर गेला. इवेलीस पडद्यावर वाकली. आधी समुद्र, मग केळीची पानं, मग शेजाऱ्याची निळी टाकी, मग बरोबर मधोमध कासियानोचा स्लॅब. त्यावर डबे चमकत होते आणि त्यांच्याखाली तांबड्या सळया.

"अगंबाई! हे काय उगवलंय छतावर?"

"सळया आहेत," एरिबेर्तो म्हणाला. "सगळ्यांच्याच असतात."

"सगळ्यांच्या असतील, पण सगळे विकायला नाही काढत. बाहेरचा माणूस हा फोटो बघून म्हणेल, घर अर्धवट आहे. कंप्युटरवर पुसून टाक. दोन मिनिटांचं काम."

"नाही पुसणार."

"का?"

"फोटो घर विकायला आहे ना? मग घरावर जे आहे ते फोटोत पाहिजे. उजेड वाढवतो, क्षितिज सरळ करतो. असलेली वस्तू नाहीशी करायची म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं. त्याने उद्या येऊन पाहिलं तर नाव कुणाचं जाईल? माझं. फोटोखाली माझा लायसन्स नंबर असतो."

"बेकरीवाल्याच्या पोराने हसत केलं असतं."

"मग डुकराला बोलवा साक्षीला."

"मावशी, समजवा हो याला!" इवेलीस माझ्याकडे वळली. "लायसन्सवाला माणूस मागितला मी, पाद्री नाही मागितला."

मी आकाशाकडे बघत म्हटलं, "समुद्राकडून खाली आणून तिरका काढ. सळया झाडाआड जातील. खोटंही नाही, दिसणारही नाही."

"जमेल तसं," एरिबेर्तो म्हणाला.

"नाही जमणार," इवेलीस म्हणाली. "हद्द दाखवायला सरळ वरूनच लागतो. आजकाल तो नसला तर कुणी फोनसुद्धा करत नाही."

आमचा हा बाजार चालला असताना कासियानो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं; त्याच्या सळयांबद्दल मात्र तिघेही बोलत होतो. तो उठला. "पोरगा बरोबर बोलतोय," म्हणाला. "खोटा फोटो नको. माझ्या घराचा तर नकोच."

"म्हणजे राहू द्यायच्या?" इवेलीसचा चेहरा पडला.

"कापतो. मग फोटोही खरा आणि घरही खरं."

"काका, थांबा," एरिबेर्तो घाईघाईने म्हणाला. "मी तसं नव्हतो म्हणत. राहू द्या सळया. आहेत तशा दिसू देत, घेणारा घेईल."

"त्या कुणासाठी होत्या, तुला ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मग ज्याला त्या कशासाठी आहेत हेच कळणार नाही, त्याला दाखवायच्या तरी कशाला?"

मी म्हटलं, "कासियानो, आज नको. आज रात्री तिला फोन लाव. उद्या काप, मी स्वतः शिडी धरीन."

"जिना आहे," तो म्हणाला. "शिडी कशाला लागतेय?"

त्याने शेजारून कटर आणला आणि कुणाला हात लावू दिला नाही. स्लॅबवरून ठिणग्या उडत होत्या आणि तो आवाज सगळ्या वस्तीत जात होता. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. कटर कुठे चाललाय हे दिसत होतं. कापून झाल्यावर त्याने डबे एकात एक घालून खाली आणले आणि माझ्या हातात दिले, जणू रिकाम्या बाटल्या दुकानात परत करतोय. मग उरलेल्या खुंट्यांवर सिमेंट आणि सगळ्या छतावर गळतीवरचा पांढरा रंग.

आठवड्याने आम्ही पुन्हा गेलो. खरं सांगायचं तर एरिबेर्तोने त्याहून चांगला फोटो काढलेला नाही. निळा समुद्र, हिरवी केळ आणि मधे इस्त्री केलेल्या चादरीसारखं पांढरं छत. एक डाग नाही. इवेलीसने पडद्यालाच मुका दिला.

गिऱ्हाईक लगेच लागलं. टेक्सासचा माणूस, लाटांवर फळी घेऊन पोहायला येणारा, वागायला गोड. त्याच आठवड्यात विसार मिळाला, त्याच्या कागदावर सही झाली. संध्याकाळी कासियानोने मला आणि एरिबेर्तोला तुरीच्या दाण्यांचा भात खायला बोलावलं. "जेवण झालं की तिला फोन लावतो," म्हणाला. खुशीत होता, किंवा खुशीत असल्यासारखा होता. त्याच्या बाबतीत हा फरक मला कधी नीट ओळखता आला नाही.

फोन त्याच्या आधी वाजला. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून तो फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर लावतो. सगळ्या गल्लीला त्याच्या रक्तातली साखर माहीत आहे ती त्यामुळेच.

"बाबा, सळया कुठायत?"

नमस्कार नाही, आशीर्वाद मागणं नाही. आमच्याकडची मुलं बापाशी पहिलं वाक्य आशीर्वाद मागण्याचं बोलतात. मिग्दालिया तर कधीच चुकायची नाही.

"कुठे बघितलंस तू?"

"जाहिरातीत. मी रोज बघते इथे बसून. आपल्या वस्तीत काय विकायला निघालंय, कोण गेलं, कोण राहिलं. आधी वाटलं, शेजारचं घर असेल. मग निळी टाकी दिसली. बाबा, सळया कुणी कापल्या?"

"मी."

कासियानोने फोन जवळ ओढला.

"घर विकलं म्हणून रागावलीस?"

"घर तुमचं आहे. विका. मला विचारलं नाहीत, तेही राहू दे. पण त्या कापायच्या कशाला? घेणाऱ्याने घेतल्या असत्या घराबरोबर."

"तुला तरी कुठे यायचं होतं, पोरी? दरवर्षी 'बघू'."

"आले असते की नाही, मला नाही माहीत." ती रडत नव्हती, शाळेतल्या मुलाला एकच गोष्ट पुन्हा समजवावी तशी बोलत होती. "खरंच नाही माहीत, बाबा. इथे पोरांची शाळा, यांची नोकरी. पण इथे काही बिनसलं की मी स्वतःला म्हणायची, तिकडे सळया आहेत. एवढंच. येणं न येणं नंतरचं. त्या होत्या ना तिथे."

कासियानोने भाताच्या ताटाकडे पाहिलं. "रंग लावायचो मी त्यांना," तो म्हणाला. "दरवर्षी."

"माहीत आहे. मावशी फोटो पाठवायच्या."

कासियानोने माझ्याकडे पाहिलं. हे त्याला ठाऊक नव्हतं. तो वर रंग लावत असताना मी खालून फोटो काढायचे आणि त्याच्या लेकीला पाठवायचे. एवढी साधी गोष्ट त्याला सांगायची असते हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"विसार परत करता येतो," एरिबेर्तो मधेच म्हणाला. "मी इवेलीसशी बोलतो. दंड भरावा लागेल, पण..."

"परत करून काय करू?" कासियानो म्हणाला. "सळया येतील का परत?"

"भोक पाडून, मसाला भरून नव्या बसवतात, काका. गवंडी करतात."

"करतात. दुसऱ्याच्या घरात करतात."

पलीकडून मिग्दालिया म्हणाली, "राहू दे, बाबा. आता झालं. तुम्ही या. खोली रिकामी करते." आणि मग, जणू आत्ताच आठवलं, "आशीर्वाद द्या."

"देव तुझं भलं करो," कासियानो म्हणाला, आणि फोन बंद करायचं त्याला सुचेना. तो मी केला.

घरी परतताना एरिबेर्तो खाली बघून चालत होता. ड्रोनवाल्याला हे शोभत नाही. कोपऱ्यावर म्हणाला, "दोन मिनिटांचं काम होतं, सासूबाई. पुसल्या असत्या तर छतावर राहिल्या असत्या."

"तू खोटं वागला नाहीस."

"तेच तर."

मला त्याला आणखी काही सांगता आलं असतं: कापणारा तू नव्हेस, म्हातारा हट्टी, बेकरीवाल्याच्या पोराच्या हाती काम असतं तर त्याने चुकून शेजाऱ्याचं घरसुद्धा पुसलं असतं. पण काही हिशेब दुसऱ्याने सोडवून दिला तर सुटत नाहीत.

खरेदीखत नोटरीच्या ऑफिसात झालं. कासियानोने सही केली, किल्ली दिली, पाण्याची टाकी कशी उघडायची ते सांगितलं. तिकीट दुसऱ्या दिवसाचं होतं. तेवढ्यात टेक्सासच्या माणसाने इवेलीसला काहीतरी विचारलं आणि ती जरा चाचरली.

"काका, तो विचारतोय... स्लॅब वर अजून एक मजला पेलेल का? पाहुण्यांना भाड्याने द्यायला बांधायचाय त्याला."

मी एरिबेर्तोकडे पाहिलं. एरिबेर्तोने भिंतीकडे पाहिलं.

"पेलेल," कासियानो म्हणाला. "सांग त्याला, पेलावा म्हणूनच बांधलाय."

"आणि खांब कुठे आहेत म्हणतो. वरून काहीच कळत नाही, सगळं पांढरं."

कासियानोने नोटरीच्या टेबलावरची पेन्सिल मागून घेतली आणि म्हणाला, "चला."

सगळे त्याच्या घरी आलो. गुडघा धरून तो आपला जिना चढला. मग एका जागी गेला, वाकला आणि पांढऱ्या रंगावर फुली मारली. तिथून दुसऱ्या जागी. त्याला मोजावं लागलं नाही. अंधारात घरातला दिवा शोधावा तसा तो एकेका खांबावर जाऊन थांबत होता. टेक्सासचा माणूस मागोमाग फिरत होता, प्रत्येक फुलीला मान हलवत होता, आमच्या भाषेत "आभारी आहे, आभारी आहे" म्हणत होता. बिचाऱ्याला तेवढंच येत होतं आणि ते तो मनापासून म्हणत होता.

समुद्राच्या बाजूच्या कोपऱ्यावर शेवटची फुली झाली. कासियानो सरळ उभा राहिला. तिथे वारा चांगला लागतो.

"या बाजूला तिचं स्वयंपाकघर," तो म्हणाला. "खिडकी पूर्वेला. सकाळी तिला उजेड लागतो."

त्या माणसाने इवेलीसकडे पाहिलं. इवेलीसने ओठ चावला आणि त्याच्या भाषेत सांगितलं. थोडंफार मलाही कळतं. ती म्हणाली, "स्वयंपाकघर इथे करा. खिडकी पूर्वेला."

"छान," तो म्हणाला आणि फोनमध्ये लिहून घेतलं.